पाच डॉलरचं टेबल आणि अर्ध्या डॉलरची चिप

माझे भावोजी दर शनिवारी संध्याकाळी ब्लॅकजॅक खेळायला जातात. पैसे लावून, डीलरपेक्षा एकवीसच्या जास्त जवळ पण त्याच्या वर न जाता पोचायचं, असा हा पत्त्यांचा खेळ. दोन वर्षं झाली. बहिणीची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण ते दारू पीत नाहीत, उशिरापर्यंत थांबत नाहीत आणि नेहमी सर्वांत छोट्या टेबलावर बसतात. "अगं, पाच डॉलरचं टेबल आहे. बाकी ठिकाणी पंधरा-पंचवीस लावायला लागतात. मी पाच-पाच लावतो, त्यात काय जाणार?" हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मलाही ते पटलं होतं. मागच्या वर्षी मी कॅलिफोर्नियात त्यांच्याकडे तीन महिने होते. एका शनिवारी ते म्हणाले, "चल, बघ तरी." मी गेले. नंतर आणखी तीन वेळा गेले, वही घेऊन. त्या चार संध्याकाळी जे दिसलं ते लिहिते आहे, कारण अशा टेबलावर बसणारे बहुतेक लोक भावोजींसारखेच विचार करतात आणि तो विचार एका जागी चुकतो.

भावोजी खेळतात ते ठिकाण म्हणजे लास व्हेगाससारखा कॅसिनो नव्हे, कार्डरूम आहे, म्हणजे पत्त्यांचा क्लब. लॉस एंजेलिसच्या आसपास अशी बरीच कार्डरूम आहेत. गार्डेना गावात तर १९३६ पासून पत्त्यांचे क्लब चालत आले. आम्ही गेलो त्या कार्डरूमचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका जागेचा नाही. आत शिरल्यावर सगळं कॅसिनोसारखंच दिसतं. हिरवी टेबलं, चिपांचे, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांचे ढीग, छताला कॅमेरे. फरक टेबलाच्या कोपऱ्यातल्या छोट्या पाटीवर होता. पाच ते वीस डॉलर लावले तर प्रत्येक डावाला अर्धा डॉलर, त्याच्या वर एक डॉलर. तिथले लोक याला 'कलेक्शन' म्हणतात. पत्ते वाटायच्या आधी डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, प्रत्येकासमोरून ती चिप उचलतो आणि टेबलातल्या फटीत टाकतो. तुम्ही जिंका, हरा किंवा बरोबरी होवो, ती चिप परत येत नाही.

हे असं का, ते मी भावोजींना विचारलं. त्यांना नीट सांगता आलं नाही, म्हणून घरी येऊन वाचलं. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचं ३३० वं कलम 'बँक' असलेल्या खेळांना मनाई करतं. म्हणजे जागा चालवणाऱ्याने स्वतः सगळ्या खेळाडूंच्या विरुद्ध पैसे लावायचे आणि त्यांच्या हरण्यावर कमाई करायची, हे कार्डरूमला चालत नाही. मार्च २००० मध्ये मतदारांनी राज्यघटनेत बदल मंजूर केला आणि मूलनिवासी जमातींच्या कॅसिनोंना ती मुभा मिळाली. कार्डरूमला मिळाली नाही. त्यामुळे कार्डरूममध्ये बँक खेळाडूंपैकी कुणीतरी घ्यायची असते. प्रत्यक्षात आमच्या टेबलाच्या एका टोकाला चिपांनी भरलेला ट्रे घेऊन एक माणूस बसलेला असायचा. तो वेगळ्या कंपनीचा, बँक घेण्यासाठीच बसवलेला. ठरावीक डावांनंतर डीलर ओळीने एकेकाला विचारायचा, "बँक हवी?" तिथे गेले त्या तीन शनिवारांत एकाही खेळाडूने हो म्हटलेलं मी पाहिलं नाही. बहुतेक जण मान वरसुद्धा करत नव्हते.

हरलेले पैसे त्या ट्रेवाल्याकडे जातात, अर्धा डॉलर कार्डरूमला. एकाच डावात दोघांना द्यायचं. ही गोष्ट टेबलावर बसलेल्या किती जणांच्या डोक्यात असते, मला शंका आहे.

याच कायद्यात आणखी एक अट आहे, आणि माझ्या मते सगळ्याची मेख तिथे आहे. फी डाव सुरू व्हायच्या आधी ठरलेली हवी आणि ती लावलेल्या किंवा जिंकलेल्या रकमेच्या टक्क्यांत काढता येत नाही. सरसकट आकडाच हवा. म्हणजे पाच लावणारा आणि वीस लावणारा, दोघांना तोच अर्धा डॉलर. पाचवर तो दहा टक्के होतो, वीसवर अडीच. कमीत कमी लावणाऱ्यालाच सर्वांत जड.

पहिल्या शनिवारी मी खेळले नाही. भावोजींच्या मागे उभी राहून वहीत प्रत्येक डावाला एक रेघ मारत होते, पाच झाल्या की आडवी काट. त्यांनी २०० डॉलरच्या चिपा घेतल्या. तीन तासांत १९० डाव झाले. उठताना त्यांच्याकडे १३७ डॉलर ५० सेंट होते. गाडीत बसल्यावर ते खुशीत होते. "बघ, तीन तास खेळलो आणि साडेबासष्टच गेले. सिनेमा आणि जेवणाला तेवढे होतातच."

मी रेघा मोजल्या. १९० अर्धे म्हणजे ९५ डॉलर. गेले साडेबासष्ट. म्हणजे पत्त्यांत ते हरले नव्हतेच, साडेबत्तीस डॉलर जिंकले होते! त्या दिवशी भावोजींचा हात चांगला चालला होता, ते व्यवस्थित खेळले होते, ट्रेवाल्याकडून त्यांनी पैसे काढले होते. आणि तरी ते रिकाम्या हाताने नव्हे, साडेबासष्टने उणे होऊन घरी चालले होते, वर त्याला स्वस्तातली संध्याकाळ म्हणत होते. मी गाडीत काही बोलले नाही. रात्री झोप लागेपर्यंत तोच आकडा डोक्यात होता. चाळीस शनिवार धरले तरी वर्षाला ३,८०० डॉलर, नुसती फी. दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या शनिवारी मी स्वतः बसायचं ठरवलं, कारण बाहेरून रेघा मारणं वेगळं आणि आतून ते जाणवणं वेगळं. आठवडाभर बेसिक स्ट्रॅटेजीचा तक्ता पाठ केला. आपल्याकडे काय आलं आणि डीलरचा उघडा पत्ता कोणता, एवढ्यावरून थांबायचं, पत्ता घ्यायचा, डबल करायचं (पैसे दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा) की जोडी फोडायची (सारख्या दोन पत्त्यांचे दोन वेगळे डाव करायचे), हे त्यात ठरलेलं असतं. अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून तो १९५६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला, आणि त्यांचं उत्तर आजही जवळजवळ तेच आहे. तक्त्याप्रमाणे खेळलं आणि नियम बरे असले, तर बँकेचा फायदा साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो. म्हणजे १०० डॉलर लावल्यामागे सरासरी पन्नास सेंट. कॅसिनोतल्या खेळांत हा खूप सरळ खेळ मानतात, तो यामुळेच.

आता हे पन्नास सेंट आणि ते पन्नास सेंट शेजारी ठेवून बघा. बँकेला पन्नास सेंट मिळायला मला १०० डॉलर, म्हणजे पाचाचे वीस डाव लावावे लागतात. कार्डरूमला पन्नास सेंट एका डावाला मिळतात.

मी १०० डॉलर घेतले. डीलरने पाच-पाचच्या चिपांबरोबर अर्ध्या डॉलरच्या चिपांची एक छोटी चळत पुढे सरकवली. त्या बाकीच्यांपेक्षा हलक्या वाटतात. पाच डॉलर वर्तुळात ठेवायचे, त्याच्या पुढे अर्धा डॉलर. पहिले दहा-बारा डाव मला त्या चिपेचं काहीतरी वाटत होतं. मग हात आपोआप ठेवायला लागला. विसाव्या डावानंतर मी तिच्याकडे बघितलंही नाही. वहीत रेघा मारत होते म्हणून कळत होतं, नाहीतर कळलं नसतं.

एका डावात मला दोन आठ्ठे आले, डीलरचा दश्शा उघडा. मन नको म्हणत होतं, पण तक्ता म्हणतो फोडायचे. आणखी पाच डॉलर ठेवले. फोडलेल्या दुसऱ्या डावाची फी त्या टेबलावर घेत नव्हते, तेवढं बरं. एकावर तिर्री आली, मग दश्शा, एकवीस झाले. दुसऱ्यावर राजा, अठरावर थांबले. डीलरने खालचा पत्ता उलटला, नव्वी. एकोणीस. एक जिंकला, एक हरला. शेजारच्या आजोबांनी मान डोलावली, "बरोबर खेळलात." हिशेब शून्य. मात्र अर्धा डॉलर गेलेलाच होता. साध्या टेबलावर बरोबरी म्हणजे खरोखर काहीच झालं नाही. इथे बरोबरीचेही पैसे पडतात, आणि शंभरात आठ-नऊ डाव तसेच सुटतात.

थोड्या वेळाने एक्का आणि राणी आली. ब्लॅकजॅक! पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस, म्हणून पाचावर साडेसात. डीलरने एक पाचाची, दोन एकाच्या आणि एक अर्ध्याची चिप माझ्यासमोर ठेवली. ती अर्ध्याची चिप मी बोटाने उचलली आणि पुढच्या डावाची फी म्हणून तिथेच ठेवली. पत्ते वाटायच्या आत ती फटीत गेली होती. त्या क्षणी मी हिशेब केला. सहा कॅटच्या खेळात ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. एकवीस डावांची फी साडेदहा डॉलर. म्हणजे या खेळातला जो सर्वांत आनंदाचा क्षण, ज्यासाठी सगळं टेबल टाळ्या वाजवतं, तो साडेसात देतो आणि त्याची वाट बघण्याचे साडेदहा जातात. यानंतर मला त्या टेबलाबद्दल वेगळा पुरावा नको होता.

एका तासात ६४ डाव झाले. तीन ब्लॅकजॅक आले. पत्त्यांत साडेसात डॉलर गेले, फीत बत्तीस. साठ डॉलर पन्नास सेंट घेऊन मी उठले.

घरी आल्यावर भावोजींसमोर वही ठेवली. त्यांनी शांतपणे वाचली. मग म्हणाले, "ठीक आहे, मग मी वीस लावतो. फी तीच राहील, टक्का खाली येईल." हा युक्तिवाद हुशार वाटतो आणि तो बरेच जण करतात, म्हणून त्यावर थोडं थांबते. टक्का उतरतो हे खरंच आहे. पण खिशातून टक्के जात नाहीत, डॉलर जातात. तासाला चौसष्ट डाव वीसने खेळले तर फी तीच बत्तीस. त्यावर बँकेचा अर्धा टक्का, १,२८० डॉलरवर सहा-साडेसहा डॉलर. पाचाने खेळताना हाच भाग दीड डॉलरचा होता. म्हणजे सरासरी नुकसान तेहतीस-चौतीसवरून अडतीसवर गेलं. आणि तासाभरात रक्कम वर-खाली होण्याचा पल्ला चौपट झाला. पाचाने तो साधारण पंचेचाळीस-सेहेचाळीस डॉलरचा असतो, वीसने एकशे ऐंशीच्या पुढे. फी पातळ करायला म्हणून जास्त पैसे लावणं म्हणजे औषध महाग म्हणून दुप्पट प्यायल्यासारखं आहे.

पत्ते मोजून, म्हणजे कोणते पत्ते येऊन गेले ते लक्षात ठेवून खेळलं तर फी भरून निघेल का, असंही त्यांनी विचारलं. नाही. चांगला मोजणाराही महत्प्रयासाने एखाद्या टक्क्याची आघाडी मिळवतो. पाच डॉलरवर दहा टक्के जिथे आधीच गेले, तिथे एक टक्का कुठे पुरणार?

मग बँक घेण्याचा प्रश्न आला. कागदावर ती बाजू चांगली, कारण अर्धा टक्का तुमच्याकडे येतो. पण बँक घेणाऱ्यालाही कलेक्शन पडतं, तेही जास्त, आणि सात जणांच्या विरुद्ध उभं राहायला पैसे लागतात. शंभर डॉलर समोर असले तर शंभरापर्यंतच तुमची बँक, त्यापुढचं तो ट्रेवाला घेतो. एक डबल, एक फोडलेली जोडी, दोन ब्लॅकजॅक एका डावात आले की आटोपलं. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

तिसऱ्या शनिवारी दीड तास गाडी हाकून जमातीच्या कॅसिनोत गेलो. तिथे फी नाही, पण किमान पंधरा. टेबलावर बसायच्या आधी मी छापलेली ओळ वाचली: ब्लॅकजॅकला तीनास दोन, म्हणजे दोन लावले तर तीन मिळणार. शेजारच्याच टेबलावर सहास पाच, म्हणजे पाचावर सहाच, लिहिलं होतं, आणि गर्दी तिथे जास्त होती. हा फरक फार मोठा आहे. सहास पाच असलं की बँकेचा फायदा जवळजवळ एक पूर्णांक चार दशांश टक्क्यांनी वाढतो. तरीसुद्धा, आणि हे मी पुन्हा पुन्हा तपासलं, पंधरा डॉलरच्या सहास पाच टेबलावर साठ डावांना सरासरी सतरा डॉलरच्या आसपास जातात. तीनास दोनच्या टेबलावर साडेचार. आमच्या पाच डॉलरच्या 'स्वस्त' टेबलावर साडेएकतीस.

आकड्यांचा निकाल स्पष्ट होता. आणि आम्ही बसलो, आणि चाळीस मिनिटांत माझे नव्वद डॉलर गेले.

भावोजी काहीच बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलत होता. हे मला लपवायचं नाही, कारण त्यांच्या बाजूचंही यात खरं काहीतरी आहे. पंधरा डॉलरच्या टेबलावर तासाभराची चढउतार सव्वाशे-दीडशे डॉलरची सहज असते. सरासरी साडेचार जातात याचा अर्थ त्या दिवशी साडेचार जातील असा नाही. शंभर डॉलर घेऊन तिथे बसणाऱ्याला एका वाईट अर्ध्या तासात उठावं लागेल. पाचाच्या टेबलावर तो शंभर पुरवून तास-दोन तास बसेल. भावोजी जे विकत घेत होते ते हेच होतं, हळूहळू संपणं. मोठ्या टेबलाची धास्ती नको म्हणून ते तासाला तीस डॉलर मोजत होते. कुणाला ते हवंच असेल तर मी नको म्हणणार नाही. माझा आक्षेप एवढाच की त्यांना ती किंमत कधी कुणी सांगितली नव्हती आणि त्यांनी स्वतः कधी मोजली नव्हती. पाटीवर 'पाच' मोठ्या अक्षरात होता, 'अर्धा' बारीक.

मला विचाराल तर, पैशांच्या दृष्टीने अशा टेबलावर बसू नये. चारशे-पाचशे डॉलर गेले तरी चालतील अशी ऐपत आणि मन असेल, तर फी नसलेलं, तीनास दोन देणारं टेबल शोधावं. ते नसेल तर खेळ शिकायला घरी एक कॅट पुरतो. तक्ता मी असाच शिकले, एक पैसा न देता. आणि त्या जागेची, तिथल्या माणसांची सवय झाली म्हणून जायचंच असेल, तर तिथे घड्याळाकडे नव्हे, डावांकडे बघावं लागतं. खर्च त्यांनीच ठरतो. टेबलावर दोघंच असतील तर पत्ते भराभर येतात आणि फी दुप्पट वेगाने जाते. सात जण असतील, कुणी विचार करत बसला असेल, तर त्याच तासाला कमी पडते. भावोजी कायम रिकामं टेबल शोधायचे, "गर्दी नको" म्हणून. ते आधी बदललं.

चौथ्या शनिवारी मी परत यायच्या आधी आम्ही शेवटचं गेलो. भावोजींनी १०० डॉलरच्या चिपा घेतल्या आणि वेगळे २० डॉलर देऊन अर्ध्या डॉलरच्या चाळीस चिपा मागितल्या. डीलरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी त्या चाळीसच्या दहा-दहाच्या चार चळती केल्या आणि उजव्या हाताला, बाकीच्या पैशांपासून दूर ठेवल्या. फी फक्त तिथूनच द्यायची, आणि जिंकून मिळालेली अर्ध्याची चिप त्यात मिसळायची नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मी वही काढलीच नाही.

टेबल भरलेलं होतं. पहिली चळत संपली तेव्हा ते म्हणाले, "दहा झाले?" दुसरी संपेपर्यंत त्यांना एक ब्लॅकजॅक आला होता, तिसऱ्यात दुसरा. शेजारच्या आजोबांनी विचारलं, या वेगळ्या कशासाठी ठेवल्यात? भावोजींनी त्यांना थोडक्यात सांगितलं. आजोबा स्वतःच्या ढिगाकडे बघत राहिले आणि पुढच्या डावाला त्यांनी अर्ध्याची चिप ठेवताना हात क्षणभर थांबवला. मग ठेवली.

चाळिसावी चिप गेली तेव्हा पाऊण तास झाला होता. भावोजी तो डाव सोळावर थांबून जिंकले, डीलर बस्ट झाला, एकवीसच्या वर गेला. त्यांनी समोरच्या चिपा मोजल्या. ११५ होत्या.

"पंधरा जिंकलो," ते म्हणाले. मग उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. "म्हणजे पाच गेले."

त्यांनी चिपा दोन्ही हातांनी गोळा केल्या आणि खुर्ची मागे सरकवली.